ओट्यावरचा फोटो

गेल्या महिन्यात एका रात्री सांगलीहून ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी चुलत बहीण, काकांची थोरली. काकांचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं आणि तिला घरात लावायला एक फोटो हवा होता.

"अगं, अण्णांच्या सहस्रचंद्रदर्शनाला तू ओट्यावर दोघांचा काढला होतास बघ. तो पाठव ना."

"आहे की. आत्ता पाठवते," मी म्हटलं आणि ताट तसंच झाकून संगणकापुढे बसले. दहा मिनिटांचं काम.

त्याला अकरा दिवस लागले!

आधी थोडं मागचं सांगते. नात्यातल्या मंडळींना हे पाठ आहे, त्यांनी एक परिच्छेद सोडून पुढे जावं. १९९५ साली वाईच्या वाड्याची वाटणी झाली आणि त्यात अण्णा आणि काका या सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालं. कोण बरोबर आणि कोण चूक ते इथे काढत नाही, काढलं तर खाली दोन्ही घरची मंडळी भांडत बसतील. काकांनी त्या दिवशी "या घरचं पाणी पिणार नाही" असं म्हटलं आणि ते सांगलीला निघून गेले. अकरा वर्षं. मग नोव्हेंबर २००६ मध्ये अण्णांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. काकांना आमंत्रण गेलं, जेवायला येणार नाही असा उलट निरोप आला, आणि त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता पंगती वगैरे सगळं आटोपल्यावर स्वारी दारात हजर! आत मात्र आले नाहीत. ओट्यावर बसले. अण्णा बाहेर येऊन शेजारी बसले. तेवढ्यात मी फोटो काढला.

तर तो फोटो.

माझा फोटोंचा संग्रह बरा लावलेला आहे, असा माझा समज होता. पूर्वी पिकासा वापरायचे. ते २०१६ च्या मार्चमध्ये बंद झाल्यावर दुसऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये सगळं हलवलं आणि मूळ फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवले. त्या रात्री उघडून बघते तो काय, २००६ सालच्या प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात उद्गारचिन्ह. छोटं चित्र दिसतंय, पण त्यावर टिचकी मारली की "मूळ फाइल सापडत नाही".

पोटात गोळा आला. बंगळूरला लेकाला फोन लावला. तो म्हणाला, "आई, घाबरू नकोस. फोटो त्या सॉफ्टवेअरमध्ये नसतातच. तिथे फक्त त्यांचे पत्ते आणि छोट्या प्रती असतात. डिस्कचं अक्षर बदललं असेल." आणि तसंच होतं. पूर्वी ती डिस्क लावली की 'ई' म्हणून उघडायची. मध्यंतरी मी एक पेनड्राइव्ह खोचून ठेवला होता, त्याने 'ई' बळकावलं आणि डिस्क 'एफ' झाली. संग्रह बिचारा जुन्या पत्त्यावर दार वाजवत होता. अक्षर पूर्ववत केलं, उद्गारचिन्हं गेली. हुश्श!

पण ओट्यावरचा फोटो नव्हताच. नुसता तोच नव्हे, दुपारपासूनचा एकही फोटो नव्हता. सकाळी गुरुजी आले, अण्णांनी नवं धोतर नेसलं, ८१ दिव्यांचं ताट तयार झालं आणि... संपलं. प्रत्यक्ष औक्षणाचाच फोटो नाही. ३८८ क्रमांकापासून ४२६ पर्यंत एकोणचाळीस फोटो, की पुढे थेट डिसेंबर.

हे कोडं दोन दिवस सुटेना. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना एकदम आठवलं: सेल! माझ्या त्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यात दोन पेन्सिल सेल लागायचे. साधे घातले तर वीस-पंचवीस फोटोंत मान टाकायचे. त्या दिवशी ऐन औक्षणाच्या आधी कॅमेरा बंद पडला आणि भाच्याला कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळलं होतं. तो येईपर्यंत गुरुजी खोळंबले होते आणि अण्णा "राहू दे ते खेळणं" म्हणत होते. नवे सेल घातल्यावर कॅमेऱ्याने तारीख विचारली असणार. एवढ्या घाईत कोण तारीख भरतंय! ओके, ओके करत मी पुढे गेले. कॅमेऱ्याने स्वतःच्या मनाने १ जानेवारी २००४, रात्रीचे बारा असं धरलं आणि तिथून मोजायला लागला.

संग्रहात १ जानेवारी २००४ वर गेले. तेव्हा तर हा कॅमेरा विकतही घेतलेला नव्हता. आणि तिथे सगळी मंडळी बसलेली! औक्षण, पंगत, जिलबीचं ताट, वहिनीच्या मांडीवर पेंगलेली भाची. तारखेप्रमाणे लावणाऱ्या सॉफ्टवेअरला फोटोत कोरलेली तारीख तेवढी कळते, तिने त्यांना तीन वर्षं मागे नेऊन बसवलं होतं. क्रमांक मात्र ४२७ पासून बरोबर पुढे चालू. कॅमेऱ्याची तारीख पुसली गेली, मोजणी नाही.

आता वेळ सुधारायची तर किती सरकवायची? एका तरी फोटोची खरी वेळ कळायला हवी. दिवाणखान्यातलं घड्याळ चार फोटोंत दिसतंय, चारही वेळा पावणेसात. ते कधीचं बंद होतं कोण जाणे! मग औक्षणाचा एक जवळून घेतलेला फोटो मोठा करून बघितला. अण्णांच्या मनगटावर एचएमटी. काटे स्पष्ट: अकरा चाळीस. कॅमेरा म्हणत होता रात्रीचे बारा चोवीस. पण अण्णांचं घड्याळ कायम पाच मिनिटं पुढे असायचं, एसटी चुकू नये म्हणून. म्हणजे खरे अकरा पस्तीस. त्यांची ती पाच मिनिटं वजा करताना मी जरा थांबले... असो. फरक काढला, सगळे फोटो एकदम पुढे सरकवले आणि २००६ चा नोव्हेंबर भरून आला.

एक सोडून. खरं तर सहा सोडून. ४९६ नंतर एकदम ५०३.

४९६ मध्ये काका ओट्याच्या पायरीशी चप्पल काढताहेत. ५०३ मध्ये रिकामा ओटा आणि त्यावर झोपलेलं मांजर. मधले सहा गायब.

इथे तारखेचा दोष नव्हता. नाव टाकून सगळा संग्रह शोधला, सगळी डिस्क शोधली. एकाच नावाचे दोन फोटो एकमेकांवर पडले का तेही पाहिलं. नाही. मग माळ्यावरून जुना संगणक उतरवला. त्याची ४० जीबीची हार्ड डिस्क एका अडॅप्टरने जोडली आणि लेकाने सांगितलेलं फोटोरेक नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालवलं. फाइल उडवली तरी तिचा मजकूर लगेच पुसला जात नाही, ती जागा 'रिकामी' म्हणून लिहिली जाते इतकंच. दुसरं काही त्या जागेवर येईपर्यंत आधीचं तिथेच पडून असतं. फोटोरेक फाइलींची नावं बघतच नाही. डिस्क सलग चाळत जातं आणि जेपेगची ठरावीक सुरुवात दिसली की तिथून फोटो उचलतं. रात्रभर चालू ठेवलं. सकाळी तीन हजारांवर चित्रं! त्यात बँकेच्या पानावरची बटणं, रेल्वेच्या साइटवरचे बाण, कुठल्याशा रेसिपीची ढोकळ्याची अर्धी वडी. ओटा नाही.

आणि तेव्हा, ढोकळ्याकडे बघता बघता, मला आठवलं. खरं म्हणजे आधीपासून कुठेतरी माहीत होतं आणि मी तिकडे बघत नव्हते.

२००८ चा मे महिना. डिस्क भरली होती. एक अख्खी दुपार बसून मी 'वाईट' फोटो उडवले होते. हललेले, तिरके, डोळे मिटलेले. संध्याकाळची वेळ, फ्लॅश न लावता काढलेले ओट्यावरचे सहाही हललेले होते. शिफ्ट दाबून डिलीट, म्हणजे कचऱ्याच्या डब्यातसुद्धा जायला नको. किती जागा मोकळी झाली म्हणून त्या दिवशी मी खूशही झाले होते. मांजर ठेवलं, कारण ते स्पष्ट आलं होतं.

ताईला काय सांगायचं? दोन दिवस तिचा फोन आला की "शोधतेय गं" एवढंच म्हणत राहिले.

शेवटी लेकच म्हणाला, "आई, त्या फोल्डरमध्ये लपलेली एक फाइल असेल बघ, थम्ब्स डॉट डीबी." विंडोज एक्सपी आपण फोल्डर उघडला की त्यातल्या प्रत्येक फोटोची एक टिकलीएवढी प्रत बनवून या फाइलमध्ये ठेवायची, पुढच्या वेळी पटकन दाखवता यावी म्हणून. आणि मूळ फोटो उडवला तरी ही टिकली तिथून निघायची नाही. पोलीससुद्धा तपासात या फाइली बघतात म्हणे. लपवलेल्या फाइली दिसतील अशी सोय केली, तर ती जुन्या डिस्कवर तर होतीच, पण फोल्डरबरोबर कॉपी होऊन बाहेरच्या डिस्कवरही आली होती. इतकी वर्षं माझ्या नाकासमोर.

एका छोट्या प्रोग्रॅमने ती उघडली. नावासकट सगळे. ४९७, ४९८... ५०२.

९६ ठिपके रुंद, ७२ उंच. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके धरतात, त्या हिशोबाने हा फोटो आठ मिलिमीटरचा. बासमतीच्या दाण्याएवढा. पण दोघं आहेत. डावीकडे पांढरा सदरा आणि काळी टोपी म्हणजे काका, उजवीकडे टक्कल म्हणजे अण्णा. खांद्याला खांदा नाही, पण मध्ये तिसरा माणूस बसेल एवढी जागाही नाही.

लेकाने हौसेने तो हल्लीच्या एआयवाल्या साधनात घालून मोठा करून पाठवला. बघितला आणि मी किंचाळलेच. अण्णांना दात आले होते! छान पांढरी बत्तिशी. अण्णा संध्याकाळी कवळी काढून वाटीत ठेवायचे. काकांच्या जागी कुणी प्रेमळ, गुबगुबीत गृहस्थ हसत होते, ते आमच्या घराण्यातले नाहीत एवढं नक्की. ९६ ठिपक्यांत जे नाहीच ते ते यंत्र आणणार कुठून? त्याने कुठल्या तरी दुसऱ्यांचे चेहरे लावले. नको म्हटलं. तो जरा खट्टू झाला.

मग ताईला फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. मीच उडवला, हललेला होता म्हणून. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, "सहा काढले होतेस? मला वाटलं एकच." पुन्हा थोडी शांतता. "पाठव आहे तसा."

पाठवला. तिने जवळच्या स्टुडिओत पोस्टाच्या तिकिटाएवढा छापून घेतला आणि काकांच्या मोठ्या फोटोच्या चौकटीत खालच्या कोपऱ्यात खोचला. स्टुडिओवाल्याने तीनदा विचारलं म्हणे, "मॅडम, नक्की हाच ना?"

विषय इथे संपायला हरकत नव्हती. पण श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी ताईचा पुन्हा फोन. आवाज वेगळा.

"५०१ नंबरचा उघड. आप्पांच्या हातात काय आहे?"

उघडला. काकांच्या उजव्या हाताशी, गुडघ्याच्या जरा वर, चार पांढरे ठिपके. शेजारी एक करडा.

"कप," मी म्हटलं.

"चुन्याची डबी असेल."

"डबी स्टीलची होती ना? एवढी पांढरी दिसेल?"

"तू तिथे होतीस. तुला आठवत नाही?"

नाही आठवत. मी कॅमेऱ्याच्या दीड इंचाच्या पडद्यावर बघत होते, दोघं चौकटीत बसतात की नाही एवढंच. वहिनीला विचारलं, ती म्हणाली त्या दिवशी चहाचं आधण उतरलंच नाही, कुणाकुणाला दिला कसं सांगू. भाचा तेव्हा नऊ वर्षांचा होता, त्याला फक्त सेल आणायला पळवलं होतं ते आठवतंय. ४९९ आणि ५०० मध्ये काकांचा हात अण्णांच्या आड आहे. ५०२ मध्ये हात मांडीवर, रिकामा.

ताईचं म्हणणं, आप्पा शब्दाचे पक्के होते, या घरचं पाणी प्यायले नसते. मग पुढच्याच वाक्यात म्हणते, "पण डबी अशी धरत नाहीत गं, बोटं बघ ना."

बोटं त्या फोटोत नाहीतच. पण ती रोज रात्री उघडून बघते, आणि आता मीही बघते.