आमच्या गायनवर्गाचें एक वर्ष

गेल्या वर्षीं आमच्या महाविद्यालयाला जोडलेल्या शाळेच्या गायनवर्गाची देखरेख आमच्या गळ्यांत पडली. आमच्या गळ्याचा आणि संगीताचा आलेला संबंध काय तो एवढाच! परंतु शेक्सपिअर शिकविणाऱ्या मनुष्यास कोणतेंहि काम सांगावें अशी संस्थाचालकांची समजूत असते. तेव्हां आम्हीं मुकाट्यानें होकार दिला.

जूनमध्यें गायनशिक्षकांनीं पहिली मागणी केली ती तंबोऱ्याची. वर्गांत एक जुनी पेटी होती; तिचा भाता फाटलेला, त्यामुळें सुरापेक्षां श्वासच अधिक ऐकूं येई. आम्हीं हिशेब मांडला आणि तंबोऱ्याऐवजीं नवी पेटी मंजूर केली. पेटीच्या आधारानें चाळीस मुलें एकदम गातात, हा आमचा युक्तिवाद. १९४० सालीं नभोवाणीनें पेटीला मज्जाव केला होता हें आम्हांस ठाऊक होतें. पण तें आम्हीं सरकारी लहरींत जमा केलें होतें. शिक्षक कांहीं बोलले नाहींत.

दिवाळीपर्यंत वर्ग भूपांत रमला. मध्यम व निषाद वर्ज्य असलेला हा पांच सुरांचा राग मुलांच्या गळ्यावर लवकर चढतो. आठवींतील एक मुलगा तर असा गाई कीं, शेजारच्या वर्गांतलें गणित थांबे. स्नेहसंमेलनांत ईशस्तवन त्यानेंच म्हणावयाचें, असें आम्हीं परस्पर जाहीर करून टाकलें. मार्गशीर्षांत त्याचा आवाज फुटला. तार षड्जाकडे गेला कीं गळ्यांतून भलताच कोणी बोले, आणि मुलें हंसत. आम्हीं त्याला बोलावून, आमच्या मतें मोठ्या हळुवार शब्दांत, यंदा दुसरा मुलगा गाईल असें सांगितलें. "बरं, सर," एवढेंच तो म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून वर्गास येईनासा झाला.

शिक्षकांनीं आपला घरचा तंबोरा आणला व त्याला बोलावून घेतलें. पंचम, जोडीच्या दोन तारा, खर्ज; मग घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवून जवारी कशी लावावयाची, हें ते त्याला रोज शाळा सुटल्यावर शिकवीत. एके सायंकाळीं आम्ही दाराशीं उभे राहिलों. खर्ज झंकारतांना त्यांतून कोणीं न छेडलेला एक सूर वर येत होता. "हा गांधार," शिक्षक म्हणाले, आणि त्यांनीं नव्या पेटीचा गांधार दाबला. तो किंचित् चढा होता. आमच्या कानालाहि कळला. भूपाचा वादी स्वर गांधारच! म्हणजे चाळीस मुलांना सहा महिने रागाचा प्राणच आम्हीं चढा ऐकविला होता, आणि तोहि काटकसर म्हणून.

संमेलनांत तो मुलगा तंबोरा घेऊन मागें बसला. गाणाऱ्याचा सूर एकदां सुटला, तेव्हां यानें मान न वळवितां तारा जरा जोरानें छेडल्या.

यंदाच्या अंदाजपत्रकांत आम्हीं तंबोरा घातला आहे. परवां तो मुलगा जिन्यांत भेटला.

"गळा आला का रे ताळ्यावर?"

"अजून नाही, सर. पण जवारी लावता येते."