संथ सोबती

गुलाब लावणाऱ्याला फुलाची घाई असते. निवडुंग लावणाऱ्याला ती परवडत नाहीं. माझ्या गच्चीवरील कुंडींत सोनोराच्या वाळवंटांतला ‘सग्वारो’ आहे. बीं पेरून ८ वर्षें झालीं. उंची अवघी दीड इंच! वाळूमिश्रित माती, सकाळचें कोंवळें ऊन, आणि माती पुरती सुकल्यावरच पाणी, एवढीच त्याची मागणी. पावसाळ्यांत मात्र त्याला आडोशाला ठेवावें लागतें. दुष्काळ सोसणारें हें झाड अतिपाण्यानें मुळाशीं कुजतें. आरिझोनांतहि त्याचीं रोपें बहुधा पालो वेर्देसारख्या एखाद्या वडील वृक्षाच्या सावलींतच जगतात.

त्याला पहिली भुजा फुटावयास ५० ते ७५ वर्षें लागतात; आयुष्य तर १५० वर्षांच्याहि पुढें जातें. मी पन्नाशी ओलांडलेला! “मग हा खटाटोप कोणासाठीं?” हा सौभाग्यवतींचा प्रश्न रास्तच आहे. पण आम्ही प्राध्यापक तरी दुसरें काय करतों? विद्यार्थ्याला बहर येतो, तेव्हां तो आपल्या वर्गांत नसतो. म्हणून कांहीं आज बेतानें पाणी घालावयाचें राहत नाहीं.