खडखड, खुळखुळ आणि सप्पळ

आवाजांच्या बाबतीत आपली मराठी मोठी श्रीमंत आहे. पैसे खुळखुळतात, भांडी खणखणतात, दार कुरकुरते आणि जुनी गाडी खडखडते. यातले शेवटचे क्रियापद मात्र फारच ढोबळ आहे, हे मला आमच्या व्हॅनने शिकवले.

व्हॅन २०१२ सालची, आमच्याकडे तिसऱ्या हाताने आलेली. बाबा आचारी आहेत. लगीनसराईत पातेली, शेगड्या आणि चार माणसे घेऊन ती बेळगावहून खानापूर, चंदगड, निपाणी करते. पावसाळा सरला आणि तिच्या पोटाखालून आवाज येऊ लागला. आई म्हणाली, झारे वाजत असतील. भांडी, स्टेपनी, जॅक, सगळे उतरवले. आवाज तसाच.

एका गॅरेजवाल्याने वाकूनही न पाहता निकाल दिला : कन्व्हर्टर गेला, अकरा हजार पडतील, जुना भाग आम्हीच ठेवून घेऊ. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. म्हणजे २०२७ मध्ये तिला पुन्हा तपासणीला उभे राहायचे. घसारा वजा जाता जी गाडी उरली, तिच्यावर अकरा हजार घालण्यापेक्षा ती विकून टाकू, असे बाबांनी ठरवत आणले. पण गाडी गेली की दर लग्नाला भाड्याचा टेंपो, आणि माझी फी त्याच लग्नांतून निघते.

हा कन्व्हर्टर म्हणजे धुराच्या नळीतला एक डबा. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा धातूंचा पातळ थर; त्याने विषारी धूर पुष्कळसा निवतो. १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला. या धातूंमुळे निकामी डब्यालाही भंगारात भाव येतो. तेव्हा जुना भाग 'ठेवून घेणे' म्हणजे नावे बाजू ठळक लिहून जमेची कोरी सोडणे. कॉमर्सच्या विद्यार्थ्याला हे खटकणारच!

बाबांना चार दिवस थांबवून मी गाडी ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांना सारे अण्णा म्हणतात. त्यांचा पहिलाच प्रश्न : "यावाग सप्पळ बरतैति?" आतापर्यंत सगळ्यांनी आवाज कुठून येतो असे विचारले होते, अण्णांनी कधी येतो असे विचारले. माझे उत्तर निम्मे कन्नडात, निम्मे मराठीत झाले. उभ्या गाडीतही येतो, इंजिन सावकाश चालू असताना जास्त येतो, थोडा वेग दिला की नाहीसा होतो.

एवढ्यावर त्यांनी निम्मी गाडी हिशेबातून वगळली. पाटे, शॉकअप, बुश हे सारे खड्ड्यात बोलतात. गाडी जागेवर उभी असताना ते बोलत नाहीत. उभ्या गाडीत थरथरते ते इंजिन आणि त्याला जोडलेली धुराची नळी. सैल पत्र्याला एका ठराविक थरथरीतच नाचावेसे वाटते. वेग बदलला की तो गप्प होतो.

मग इंजिन बंद करून नळी निवेपर्यंत तासभर चहा. गाडी उचलल्यावर अण्णांनी चाकांना दगड लावले आणि खाली लोखंडी घोड्या दिल्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर ते मुलांना खाली डोके घालू देत नाहीत. रबरी हातोडीने त्यांनी डब्यावर टकटक केली. जाळी फुटली असती, तर डबडयात खडे हलवल्यासारखी खुळखुळ आली असती. आली नाही. हातोडी वरच्या पातळ पत्र्यावर पडली आणि झणझण झाली. तोच आमचा आवाज! नळीची आच गाडीच्या तळाला लागू नये म्हणून हा पत्रा असतो. पावसाने त्याचे एक बोल्टाचे भोक गंजून मोठे झाले होते आणि पत्रा लोंबत होता.

"काढूनच टाकूया का?" असे मी विचारले, तेव्हा अण्णा हसले. लग्नाचे मांडव शेतात पडतात, गाडी वाळक्या गवतावर उभी राहते. तापलेली नळी उघडी ठेवून चालेल का? त्यांनी पत्रा सारखा करून दोन मोठे स्टीलचे क्लॅम्प आवळले. क्लॅम्पचे एकशे साठ, मजुरीचे शंभर.

त्या शनिवारी व्हॅन भांड्यांसकट निपाणीला जाऊन आली. बाबांच्या वहीत मी दोनशे साठ रुपये दुरुस्ती खाती मांडले. आता खड्ड्यात मागून एक बारीक कुरकुर येते. ती पाट्याच्या बुशाची, ती लगीनसराई संपल्यावर बघू, असे अण्णांनी सांगितले आहे.