झोळीत कुशीवर निजायचं असंल तं



हरभरा घाट्यावर आला की आपल्याकडे जागल सुरू होते. झटका मशीन लावलं तरी रोही अन् रानडुक्कर यायचे राहत नाहीत. त्यात ओलिताची लाईन रात्रीची असली तं मोटरपाशी थांबावंच लागते. म्हणजे महिना-दीड महिना निजणं शेतातच. अन् निजायचं कुठं, हा साधा प्रश्न नाही.

काळ्या जमिनीच्या भेगा, धुऱ्यावरचं गवत, उंदरांची बिळं, ही सापाची घरं. मण्यार रात्रीच फिरतो अन् खाली निजलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरतो. त्याचा दात कधी कधी झोपेत समजतही नाही, खूण दिसत नाही. मंग पोटात दुखते, पापण्या जड होतात. असं झालं तं मांत्रिकाकडे नाही, थेट दवाखान्यात. सापाची लस तिथंच भेटते. पण आधी खाली निजणंच टाळा. बाज अन् नीट खोचलेली मच्छरदाणी सगळ्यात चांगली. पण बाज दर वावरात कोण नेते? म्हणून गेल्या दोन हिवाळ्यांपासून मी कापडी झोळी वापरतो. पोरं तिला हॅमॉक म्हणतात. घडी केली की पिशवीत मावते.

गावात सगळ्यांचं एकच म्हणणं, "भाऊ, त्यात माणूस केळासारखा वाकडा होते. कुशीवर तं निजताच येत नाही." मी जन्माचा कुशीवर निजणारा. उताणं पडलं की कंबर धरते. तरी मला झोप लागते. त्याचं कारण बांधण्यात आहे.

पहिली गोष्ट, झोळी ताणून बांधू नका. बाजेसारखी सरळ ओढली की दोन्ही काठ वर येतात अन् खांदे आवळतात. ढील ठेवा. माप सोपं आहे : झाडापासून दोरी दोन हात गेली तं तिनं एक हात खाली उतरलं पाहिजे. म्हणजे तीस अंशाचा उतार. तेवढ्या उतारावर सत्तर किलोच्या माणसाचा दर दोरीवर सत्तर किलोच ताण येतो. उतार दहा अंशांवर आणला की तोच ताण दोनशे किलोवर जातो. दोरी काहून तुटते, ते यात आलं.

दुसरी अन् मुख्य गोष्ट, झोळीच्या सरळ रेषेत निजू नका. तिरपं निजा. डोकं मधल्या रेषेच्या फूटभर डावीकडे, पाय फूटभर उजवीकडे. कापड लगेच सपाट होते. मंग कुशीवर वळा, गुडघे थोडे दुमडा, दोन गुडघ्यांमध्ये घडी केलेला टॉवेल ठेवा. मानेखाली लहानशी उशी पुरते, मोठी उशी मान मोडते. कूस बदलली अन् खांदा दाबला गेला, तं डोक्या-पायाची बाजूही बदलून पाहा. पायाकडची दोरी डोक्याकडच्यापेक्षा वीतभर वर बांधा, नाहीतर रात्रभर खाली घसरत जाता.

हे काही माझं डोकं नाही. अमेरिका खंडातल्या बेटांवर लोक असेच निजत. १४९२ साली कोलंबस तिथं पोचला तेव्हा त्यानं हे पाहिलं, अन् हॅमॉक हा शब्दही तिथल्याच बोलीतला. ब्राझीलच्या ईशान्य भागात अन् मेक्सिकोच्या युकातानमध्ये आजही घराघरात लोक झोळीत निजतात, अन् तेही तिरपे. आपल्याकडे कापूस वेचणाऱ्या बाया लेकरासाठी निंबाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधतात. आपल्यालाही हे नवं नाही, मोठ्या माणसासाठी कोणी बांधलं नाही एवढंच.

कापड घेताना आपल्या उंचीपेक्षा चार फूट लांब घ्या, रुंदी पाच फूट तरी पाहिजे. दोन्ही टोकांना लाकडी दांडा असलेली घेऊ नका, कुशीवर वळलं की ती उलटते. बसल्यावर उंची खुर्चीएवढी असावी, जास्त नाही.

आता झाडाचं. संत्र्याच्या झाडाला बांधू नका. दोरीनं साल घासली की जखम होते, अन् डिंक्याची बुरशी अशाच जखमेतून आत शिरते. एका रातच्या झोपेसाठी बारा वर्षांचं झाड घालवू नका. धुऱ्यावरचा निंब, बाभूळ, आंबा पाहा, मधात बारा ते पंधरा फूट अंतर असावं. बारीक दोरीऐवजी बाजेची रुंद नवार वापरा, साल वाचते. दर्यापूर-अकोटच्या खारपाणपट्ट्यात झाडं दूरदूर आहेत, तिथं बाजच बरी. लाईनच्या खांबाला मात्र कधीही बांधायचं नाही.

थंडी खालून लागते. अंगाखाली घातलेली गोधडी वजनानं दबते, ऊब देत नाही. म्हणून दुसरी गोधडी झोळीच्या खालून, तशीच ढिली बांधा. मच्छरदाणीचं किंवा पांघरुणाचं टोक जमिनीला लागू देऊ नका, लागलं तं सापाला चढायला वाट झाली.

मेळघाटच्या पायथ्याच्या शेतकऱ्यांनी झोळीत निजू नये, तिथं वाघ-अस्वलाचं भेव आहे. त्यांना उंच माळाच पाहिजे.

बाकीच्यांनी आधी दिवसा, जेवणाच्या सुट्टीत, तासभर निजून पाहा. कंबर कुठं दुखते, दोरी किती सोडायची, ते उजेडात कळते. दुसऱ्या दिवशी फवारा पाठीवर घ्यायचा असते, ट्रॅक्टर चालवायचा असते. जागलीवरच्या माणसाला तीन-चार तासांची पण खरी झोप भेटली पाहिजे.