दगडातलं पाणी

मोरचुदाचा खडा उन्हात धरून पाहावा. इतका खोल, आतून उजळणारा निळा रंग क्वचितच दिसतो. शाळेच्या प्रयोगशाळेत तो परीक्षानळीत तापवला, की आधी नळीच्या तोंडाशी बारीक थेंब जमतात आणि पाहता पाहता निळाई उतरत जाते. खाली उरते पांढरट भुकटी. तिच्यावर पाण्याचे चार थेंब सोडले, की नळी बोटांना गरम लागते आणि निळा रंग परत येतो. तांबं तेच, गंधक तेच; गेलं होतं आणि आलं ते फक्त पाणी. हे पाहिलं तेव्हापासून दगड म्हणजे कोरडेपणा, असं मला कधी वाटलेलं नाही.

मोरचूद हे एक सल्फेट, आणि सल्फेटची घडण साधी आहे. मधोमध गंधकाचा एक अणू, भोवती चार बाजूंना ऑक्सिजनचे चार. या पाच जणांवर मिळून दोन ऋण प्रभार असतात, म्हणून त्यांना धातूची सोबत लागते. तांबं आलं तर मोरचूद, लोह आलं तर हिराकस, पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम दोघंही आले तर तुरटी, कॅल्शियम आलं तर जिप्सम. धातूबरोबर पाणीही मुक्कामाला येतं, आणि तेही मोजून: जिप्सममध्ये दोन रेणू, मोरचुदात पाच, हिराकसात सात, तुरटीत बारा. दाढीनंतर गालावरून फिरणाऱ्या तुरटीच्या वडीत वजनाने जवळजवळ निम्मं पाणीच असतं! बेरियमने मात्र पाण्याशी नातं जोडलंच नाही. बराइटमध्ये पाणी नाही, आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळतही नाही. म्हणून तर एरवी विषारी असलेलं बेरियम सल्फेटच्या रूपात एक्स-रेआधी रुग्णाला पाजता येतं.

मला सर्वांत ओढ आहे ती जिप्समची. मेक्सिकोतल्या नाइका खाणीत २००० साली कामगारांना सुमारे ३०० मीटर खोलीवर एक गुहा सापडली. आत जिप्समचे अर्धपारदर्शक स्फटिक, काही तर ११ मीटरांहून लांब. ५८ अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात ते लाखो वर्षं वाढत राहिले. ते पाणी ना फार तापलं, ना फार निवलं. एवढ्या धीरावर ते वाढले. मंगळावरही २०११ साली ऑपर्च्युनिटी या गाडीला खडकात अंगठ्याएवढ्या रुंदीची जिप्समची शीर दिसली. कधीकाळी त्या भेगेतून पाणी वाहिलं होतं, याची साक्ष आज कोरड्या पडलेल्या त्या जमिनीत एका सल्फेटने जपली होती.

आपल्या घरात जिप्सम वेगळ्या रूपात येतं. ते सुमारे १५० अंशांवर भाजलं, की त्यातलं तीन चतुर्थांश पाणी उडतं आणि प्लास्टर ऑफ पॅरिस तयार होतं. ते कालवलं, की गेलेलं पाणी पुन्हा घेऊन त्याचे बारीक स्फटिक एकमेकांत गुंततात आणि घट्ट होतात. मोडलेल्या हाताला ओलं प्लास्टर घालताना जाणवते, ती ऊब या परतीची. गणपतीच्या कारखान्यांत साच्यातून झरझर मूर्ती निघतात, त्याही याच गुणामुळे.

आणि नदीची अडचणही इथेच सुरू होते. शाडूची माती पाण्यात सुटते, कारण तिचे कण नुसते एकमेकांना बिलगलेले असतात. प्लास्टरची मूर्ती मात्र पुन्हा जिप्सम झालेली असते. तिला हवं ते पाणी आधीच मिळालेलं असतं. एक लिटर पाण्यात जेमतेम दोन ग्रॅम जिप्सम विरघळतं. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर घाटावर उघडे पडलेले मूर्तींचे अवयव पाहून मन खट्टू होतं.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने याच रसायनातून वाट काढली. अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात मूर्ती ठेवायची आणि अधूनमधून ढवळायचं. कॅल्शियम सल्फेटची साथ सोडून कार्बोनेटकडे जातं आणि खडूसारखं तळाशी बसतं. सल्फेट अमोनियमशी जोडलं जातं आणि त्याचं अमोनियम सल्फेट होतं, शेतकऱ्याच्या ओळखीचं खत. मला हे विसर्जन मनापासून पटतं. मूर्ती शाडूची आणावी हे उत्तमच. पण प्लास्टरची आणली असेल, तर तिची बादली घरात भरावी आणि ते पाणी पातळ करून बागेतल्या झाडांना घालावं. नदीवर तेवढा भार कमी होईल, आणि बाप्पाच्या निरोपात काही उणंही राहणार नाही.