डोळा आणि डोरा

मराठी कथा-कादंबऱ्यांत शिक्षक विपुल आहेत; मात्र शिक्षक स्वतः बाकावर बसून शिकतो आहे, असे दृश्य त्यांत क्वचितच भेटते. त्यातही तो प्रौढांना शिकवणारा, दिवसभर दुसऱ्या कामावर राबून सायंकाळी आठ-दहा जणांकडून अक्षरे गिरवून घेणारा असेल, तर त्याची नोंद अहवालातल्या तक्त्यापलीकडे होत नाही. साकोलीच्या महाविद्यालयात मराठी शिकवत असताना अशा शिक्षकांच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणात बोलण्याचे निमंत्रण मला आले. विषय दिला होता ‘शुद्धलेखन’. वेळ दीड तासाची, दुपारच्या जेवणानंतरची. ज्यांनी प्रशिक्षणे दिली किंवा सोसली आहेत, त्यांना या वेळेविषयी अधिक सांगायला नको.

समोर पस्तीसेक माणसे होती. काही जिल्हा परिषद शाळांतले शिक्षक, काही अंगणवाडी सेविका, डी.एड. होऊन नोकरीची वाट पाहणारी पाच-सहा मुले-मुली, एक शिवणकाम करणारी बाई, आणि बँकेत हप्ते भरायला जाता जाता बचत गटातल्या बायकांना सही शिकवू लागलेली एक तरुणी. यांना मानधन नाही. ‘उल्लास’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात (२०२२ ते २०२७) शिकवणारा हा स्वयंसेवकच मानलेला आहे. यापूर्वी स्थिती फार निराळी होती असेही नाही. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा केंद्र चालवणाऱ्याला महिन्याला ५० रुपये मिळत. १९८८च्या राष्ट्रीय साक्षरता मिशननंतर जिल्ह्या-जिल्ह्यांत जी अभियाने झाली, ती बिनमोबदला स्वयंसेवकांच्याच बळावर. २००९च्या ‘साक्षर भारत’ने प्रेरकाला महिना २००० रुपये दिले, तेही निवडक जिल्ह्यांत, आणि २०१८मध्ये ती योजना संपली. नावे बदलली, प्रवेशिका बदलल्या; शिकवणारा मात्र अर्धवेळचाच राहिला, आणि त्याचे शिक्षण दोन-चार दिवसांचे.

हे प्रशिक्षण राज्याकडून जिल्ह्याकडे, जिल्ह्याकडून तालुक्याकडे असे उतरत येते. भंडारा हा तलावांचा जिल्हा; इथल्या शेतकऱ्याला पाटाच्या टेलवरच्या बांधीत पाणी कसे पोचते हे वेगळे समजवावे लागत नाही. वरच्या पायरीवर चार दिवस चाललेली चर्चा खाली येईतो तीन तक्ते आणि एका चित्रफितीपुरती उरते. सकाळच्या सत्रात तेच झाले होते. मूल्यमापन चाचणी १५० गुणांची, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी ५०, हे सर्वांनी वहीत उतरवून घेतले होते.

मी ऱ्हस्व-दीर्घापासून सुरुवात करणार, तोच त्या बचत गटाच्या तरुणीने हात वर केला. तिच्याकडे साठीची एक आजी येते. चित्रावर बोट ठेवून आजी ‘डोरा’ म्हणते. खाली लिहिलेले असते ‘डोळा’. मुलीने तीनदा दुरुस्त केले. चौथ्या दिवशी आजी आली नाही. निरोप मात्र आला: “बाईले सांग, मले बोलताच येत नाही, तं लिवता कुठून येईल?” तरुणीचा प्रश्न एवढाच होता, “सर, मी कोणतं चूक केलं?”

इथे बाहेरच्या वाचकासाठी थोडे थांबायला हवे. साकोलीचा परिसर झाडीबोलीचा. या बोलीत ण, ळ, श, ष, छ हे ध्वनी नाहीत. पाणी इथे ‘पानी’ असते, काळा ‘कारा’, डोळा ‘डोरा’. याच साकोलीत राहून डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा अभ्यास केला, आणि या बोलीची साहित्य संमेलने गेली तीसेक वर्षे भरत आली आहेत. ती बोली विद्वानांच्या ग्रंथांत पोचली. पण शिकवणाऱ्याला ‘ळ’च्या जागी ‘र’ ऐकू आल्यावर काय करायचे, हे सांगणारे पान प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत नव्हते. कोणतीही मराठी प्रवेशिका घ्या, पाणी, बाळ, डोळा हे शब्द तीत लवकरच येणार. म्हणजे झाडीपट्टीतल्या प्रौढाची पहिली ठेच ठरलेलीच आहे.

सभागृहात दोन तट पडले. एक ज्येष्ठ मुख्याध्यापक म्हणाले, शिधापत्रिका, सातबारा, बँकेचे चलन, सारे प्रमाण मराठीत येते; आजीला ‘डोरा’ लिहायला शिकवणे ही तिची फसवणूक आहे. हा युक्तिवाद उडवून लावण्याजोगा नाही. बोलीचे कौतुक करणारे आम्ही प्राध्यापक लोक स्वतःचे अर्ज मात्र प्रमाणभाषेतच लिहितो. दुसरीकडून एक अंगणवाडी सेविका उठली. तिचे म्हणणे असे की लहान मुलाला दुरुस्त केले तर ते विसरून खेळायला जाते. म्हाताऱ्या माणसाला दुरुस्त केले तर त्याच्या साठ वर्षांच्या बोलण्यालाच चूक म्हटल्यासारखे होते. यापूर्वी प्रौढशिक्षणावर मी जे वाचले होते, त्यात हा भेद इतका नेमका मांडलेला मला आढळला नव्हता.

मग मी फळ्यावर ‘षष्ठी’ लिहिले आणि मुख्याध्यापकांनाच वाचायला सांगितले. त्यांनी वाचले, ‘शश्ठी’. तुम्ही-आम्हीही तेच वाचतो. ‘ष’चा मूळ मूर्धन्य उच्चार आज फार थोडे मराठी लोक करतात, आपण ते अक्षर डोळ्यांनी ओळखतो आणि तोंडाने ‘श’ म्हणतो, त्याला कुणी निरक्षरता म्हणत नाही. ‘ऋषी’ लिहून ‘रुशी’ म्हणतो. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे नियम येईपर्यंत सुशिक्षित माणूस ‘घरें’, ‘कांहीं’ असे अनुस्वार देत होता; त्यांपैकी एकाचाही उच्चार तो करीत नव्हता. शेजारचा बंगाली ‘लक्ष्मी’ लिहितो आणि ‘लोक्खी’ म्हणतो. मग आजीने ‘डोळा’ ही अक्षरे पाहून ‘डोरा’ म्हटले, तर तिने तो शब्द वाचला की नाही? माझ्या मते वाचला. अर्थ पोचला, अक्षर ओळखले, उच्चार तिच्या घरचा राहिला. लिहिताना ‘ळ’ शिकवावा, अवश्य शिकवावा. पण ते लेखनाचे चिन्ह म्हणून. ती आजीच्या जिभेची शस्त्रक्रिया नव्हे.

मुख्याध्यापक पुरते पटले असे मला वाटले नाही. पण त्यांनी एक चांगला प्रश्न विचारला: चाचणीत श्रुतलेखन घेतले आणि आजीने ऐकले तसे लिहिले तर? यावर माझ्याकडे पक्के उत्तर नव्हते, आजही नाही. तपासणाऱ्याला झाडीबोली कळत असेल तर प्रश्न नाही. नसेल तर आहे.

विदर्भात या वादाला जुनी आठवण आहे. नागदेवाचार्यांनी केसोबासांना संस्कृतात लिहिण्यापासून परावृत्त केले, ते पंथातल्या म्हाताऱ्यांचे नुकसान होईल म्हणून, असे स्मृतिस्थळात येते. मराठीच्या विद्यार्थ्यांना हा प्रसंग परीक्षेपुरता पाठ असतो. त्यात मराठी जिंकते म्हणून आपण सुखावतो. आज ज्या म्हाताऱ्यांचे नुकसान होते आहे ते प्रमाण मराठीमुळे, हे तिथे सुचत नाही.

राहिलेल्या पाऊण तासात शुद्धलेखन झालेच नाही. पाउलो फ्रेअरी यांनी १९६३मध्ये ब्राझीलमधल्या आंजिकोस गावी ज्या रीतीने सुमारे ३०० मजुरांना शिकवले, तिचा गाभा मी सांगितला: आधी लोकांच्या जगण्यातला एक भरलेला शब्द घ्यायचा, त्यावर बोलायचे, मग तो फोडायचा, आणि त्याच्या तुकड्यांतून नवे शब्द जोडायचे. पोर्तुगीजमध्ये त्यासाठी ता-ते-ति-तो-तु असे तक्ते करावे लागले. आपल्याकडे बाराखडी आयतीच आहे. आपण ती फक्त उलट्या टोकाकडून शिकवतो, आधी तक्ता आणि मग कधीतरी जगणे.

मी म्हटले, तुमच्या वर्गातले शब्द द्या. प्रथम कुणी बोलेना. यांतल्या बहुतेकांनी शाळेत स्वतःची बोली मार खाऊन सोडलेली. ती भर सभागृहात उच्चारायला संकोच होत होता. शिवणकाम करणारी बाई म्हणाली, ‘पऱ्हे’. मग बांधी, रोवणी, बोडी, मोह, तेंदू. ‘रोवणी’ फळ्यावर आली आणि खोली जागी झाली. यंदा रोवणीची मजुरी काय, पुरुषाला किती, बाईला किती, गुत्त्याने घेतले तर एकीच्या वाट्याला काय येते, यावर वीस मिनिटे बोलणे चालले. ‘रो’वरून रोटी, ‘व’वरून वरण निघाले. ‘णी’पाशी सगळे हसले, कारण निम्म्या जणांनी ‘रोवनी’ म्हटले होते. मजुरीचा हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा संख्याज्ञानही आपसूक आले. शिकवण्याचे तंत्र म्हणून यात नवे काही नाही. मला विशेष वाटले ते हे, की या माणसांना तोवर कुणी विचारलेच नव्हते की तुम्हांला काय ठाऊक आहे. प्रशिक्षणाने त्यांना रिकामे धरले होते, आणि त्यांनीही निमूटपणे वही उघडली होती.

त्या तरुणीची नंतर दोनदा गाठ पडली. आजी परत येऊ लागली होती. घरी बोलवायला जाताना हिने प्रवेशिका नेली नाही. रोवणीच्या मजुरीचा कागद नेला, आणि आजीचे नाव त्यात कुठे आहे ते दाखवले. आता वर्गात ‘डोळा’वर बोट ठेवून आजी ‘डोरा’ म्हणते आणि तरुणी पुढच्या शब्दाकडे जाते. अडचण निराळीच उरली आहे. मार्च-एप्रिलमध्ये बायका पहाटेपासून मोहफुले वेचायला जातात, मेमध्ये तेंदूपत्ता तोडायला, आणि पाऊस लागला की रोवणी. चाचणी नेमकी मोहाच्या दिवसांत येते. पुढच्या प्रशिक्षणात हे सांगायचे असे तिने ठरवले आहे. ते प्रशिक्षण कधी होणार, हे विचारायला ती पंचायत समितीत गेली होती. अजून पत्र आलेले नाही.