दुसरी बाटली

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत लोणार तालुक्यातील बीबी या गावी आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरी जाण्याचा योग आला. पाहुणा आला म्हणून वडिलांनी मुलास दुकानात पिटाळले. सोड्याच्या दोन बाटल्या घेऊन तो भर उन्हात धावतच परतला. वडिलांनी पहिली उघडली मात्र, फेसाचा लोट उसळून निम्मा सोडा माझ्या सदऱ्यावर आला. मुलास चार शब्द ऐकावे लागले. त्याची बाजू सावरावी म्हणून मी गंभीरपणे म्हणालो, "बाटली हलली की आतला दाब वाढतो." वर्गातही वर्षानुवर्षे मी हेच सांगत आलो होतो.

या गडबडीत दुसरी बाटली कोनाड्यात तशीच राहिली. पाव तासाने ती उघडली, तो किंचित फुसफुसून शांत झाली. मुलगा हळूच म्हणाला, "गुरुजी, झाकण तर बंदच होते. मग वाढलेला दाब गेला कोठे?" मजजवळ उत्तर नव्हते. मी निमूटपणे सोडा प्यालो.

घरी येऊन पुस्तके चाळली. कार्बन डायऑक्साइड वायू पाण्यात मुरवून हे पेय करतात. ही युक्ती साधली जोसेफ प्रीस्टली या धर्मोपदेशकास, 1767 च्या सुमारास, इंग्लंडातील लीड्स येथे, तीही शेजारच्या मद्याच्या भट्टीवरील वायू वापरून! असो. बंद बाटलीत जितका वायू पाण्यातून निघतो तितकाच परत मुरतो. त्यामुळे नुसत्या हलवण्याने दाब फारसा वाढत नाही. उन्हाने मात्र वाढतो. हलवल्याने होते ते निराळेच. मानेतील वायूचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे पाण्यात मिसळतात. पाण्याच्या पोटात नवा बुडबुडा जन्मणे कठीण. तयार बुडबुड्यात शिरणे वायूस सोपे. झाकण निघून दाब उतरला की मुरलेला वायू त्या सर्वांत एकदम शिरतो, ते फुगतात आणि वर चढताना पाण्यासही बाहेर लोटतात. बाटली स्थिर ठेवावी, तर तेच बुडबुडे आधीच वर जाऊन मानेतील वायूस मिळतात. कोनाड्यात घडले ते हेच.

शाळा उघडताच मी वर्गात माझी चूक सांगितली व त्या वडिलांसही निरोप धाडला. आता त्यांच्या घरी सोडा आला की आधी पाव तास कोनाड्यात ठेवतात, असे मुलगा सांगतो.